तीन दिवसांची गैरहजेरी

रविवार, १ जानेवारी १९८४

प्रेमिलाने कोराडीहून ही डायरी आणली. जावई तिथल्या वीज केंद्रात आहेत, त्यांना दरवर्षी दोन मिळतात. इंजिनांचे नंबर लिहायच्या माझ्या वह्या वेगळ्या आहेत. ही मी स्वतःसाठी ठेवणार. तीस जूनला मी निवृत्त होतो. सदतीस वर्षं दुसऱ्यांची बिलं तपासली, आता सहा महिने आपलं काय ते तपासावं.

सकाळी नेहमीप्रमाणे मोतीबागेच्या रेल्वे फाटकावर गेलो. इंदोऱ्यातून चालत दहा मिनिटं. कृष्णकांत सबनीस धंतोलीहून सायकल मारत आला. १९४९ साली तो आमच्या कार्यालयात लागला तेव्हापासून आम्ही दोघं दर रविवारी इथे छोट्या लाइनीच्या गाड्या पाहतो. मी नंबर, वेळ आणि डबे टिपतो, तो चित्र काढतो. आता तो आस्थापना शाखेचा अधीक्षक आहे आणि मी लेखा शाखेत मुख्य लिपिक, पण फाटकावर कोणी साहेब नाही.

आज छिंदवाड्याची पॅसेंजर पंधरा मिनिटं उशिरा आली. वाफेचं जुनं झेडई इंजिन होतं, चाकाजवळ कुठेतरी गळत होतं. कृष्णकांत म्हणाला, "हिचेही कागद तयार होऊन राहिले असतील, देवाजी." खूप हसलो.

बेत पक्का झाला. जुलैत माझी पहिली पेन्शन आली की त्याने रजा काढायची आणि दोघांनी छोट्या लाइनीचा पूर्ण फेरा मारायचा. इतवारीहून छिंदवाडा, नैनपूर, मंडला फोर्ट, मग जबलपूर, बालाघाट, गोंदिया, नागभीड आणि परत इतवारी. जिथे तिथे डिझेल येऊन राहिलं आहे. फार थांबण्यात अर्थ नाही.

मंगळवार, १० जानेवारी

दुपारी कृष्णकांतने टेबलाशी बोलावलं. पेन्शनच्या कागदांसाठी माझं सेवापुस्तक काढलं होतं. म्हणाला, "बस." पानावर हात ठेवून होता.

हात काढला तेव्हा वाचलं. लाल शाईत एक ओळ. 'दि. ७, ८ व १० डिसेंबर १९५६ : विनापरवानगी गैरहजर. सेवेत खंड.'

मी सदतीस वर्षं नोकरीत आहे आणि ही ओळ आज पहिल्यांदा पाहिली.

सेवेत खंड म्हणजे काय हे मला दुसऱ्याने सांगायची गरज नाही. त्याआधीची सगळी नोकरी पेन्शनसाठी बाद. डिसेंबर सेहेचाळीस ते डिसेंबर छप्पन, दहा वर्षं. आणि हा मुद्दा मिटेपर्यंत माझे कागद पुढे सरकणार नाहीत.

"हे अक्षर कोणाचं?" मी विचारलं.

"तेव्हाच्या बडेबाबूंचं. ते वारले."

"पण मी अर्ज दिला होता. तुझ्याच हाती दिला होता."

कृष्णकांत चष्मा पुसत म्हणाला, "त्याच दिवसांत राज्य बदललं, आठवतं ना? मध्य प्रदेशातून निघून आपण मुंबई राज्यात गेलो. फायली गोण्यांत भरून इकडच्या तिकडे. त्यात गेला असेल."

तसंच झालं असणार.

बुधवार, ११ जानेवारी

काल पुरतं लिहिता आलं नाही.

सहा डिसेंबर छप्पन, गुरुवार. सकाळी बातमी आली की बाबासाहेब गेले. दोनच महिन्यांपूर्वी आम्ही दीक्षा घेतली होती, मी, अंजनाबाई आणि तिच्या कडेवर पाच महिन्यांची प्रेमिला. इंदोऱ्यात त्या दिवशी एकाही घरी चूल पेटली नाही. संध्याकाळच्या गाडीने मुंबईला निघालो. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. कृष्णकांत मला सोडायला आला होता. त्याच्याच वहीचं पान फाडून त्याच्याच पेनने मी रजेचा अर्ज लिहिला आणि त्याच्या हाती दिला. तो म्हणाला, "जा तू. मी पाहतो."

सोमवारी परतलो, मंगळवारी हजर झालो. विचारलं, "दिलास ना?" म्हणाला, "दिला." तीन दिवसांचा पगार कापला गेला. बिनपगारी रजा असेल असं मी धरून चाललो.

माझ्या वहीत त्या प्रवासाच्या इंजिनाचा नंबर नाही. जन्मात तेवढा एकच प्रवास असेल.

शुक्रवार, १३ जानेवारी

संध्याकाळी कृष्णकांत घरी आला, संत्र्याची बर्फी घेऊन. एरवी वर्षातून एकदा येतो, चौदा एप्रिलला. त्याने तोड काढली आहे. मी लिहून द्यायचं की त्या तीन दिवसांत आजारी होतो, उठवत नव्हतं म्हणून अर्ज देता आला नाही. जरीपटक्यात त्याच्या ओळखीचे म्हातारे डॉक्टर आहेत, ते जुन्या तारखेचा दाखला देतील. मग साहेब खंड माफ करून कागद पुढे पाठवतील.

"पण मी अर्ज दिला होता," मी म्हटलं.

"सिद्ध कसं करशील? कोणी विचारत बसलं तर वर्षं जातील. आजारी म्हटलं की प्रश्न मिटतो. लवकर करून टाक, देवाजी. याच महिन्यात."

तो गेल्यावर अंजनाबाई म्हणाली, "भाऊजीले काहून एवढी घाई होऊन राहिली?"

म्हटलं, "माझ्यासाठी जीव तुटतो त्याचा."

"अर्ज तुमी त्याईच्याच हाती देल्ला होता नं?"

"हो. म्हणूनच त्याला वाईट वाटतं."

तिने बर्फीचा डबा फळीवर ठेवला. स्वतः एकही तुकडा खाल्ला नाही. तिला गोड आवडतं.

रविवार, २२ जानेवारी

फाटकावर गेलो. दोन गाड्या, दोन्ही डिझेल. कृष्णकांतने वही उघडलीच नाही.

जुन्या गोष्टी निघाल्या. सत्तावन सालची वरिष्ठ लिपिकाची जागा आठवली. ज्येष्ठतेने माझी होती, पण त्याला मिळाली. मला तीन वर्षांनी मिळाली. त्या वेळी मला वाटलं, माझी जात आड आली. आता कळतं की ती लाल ओळ आड आली असणार. कृष्णकांतला म्हटलं, "गंमत पाहा, तुझ्या बढतीचे पेढे सगळ्या शाखेत मीच वाटले होते." तो सायकलची साखळी पाहायला खाली बसला. साखळी ठीक होती.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

कार्यालयाच्या व्हरांड्यात आज पुन्हा देवकी बसली होती. आमच्या नत्थू शिपायाची बायको. नत्थू ब्याऐंशी साली निवृत्त झाला. त्याच्या जन्मतारखेत घोळ निघाला आणि कागद अडले. गेल्या दिवाळीत तो गेला. आता ती दर गुरुवारी बाकावर येऊन बसते. विचारत काही नाही. पाच वाजले की उठून जाते.

मी आजवर तिला रामराम करून पुढे जात होतो. आज माझ्याने तिच्या समोरून जाववलं नाही, मागच्या जिन्याने उतरलो.

शनिवार, १८ फेब्रुवारी

जरीपटक्याला जाऊन आलो. डॉक्टर भले गृहस्थ आहेत. विचारलं, "काय झालं होतं म्हणायचं?" मग तेच म्हणाले, "डिसेंबर आहे. मलेरिया लिहू या." लिहिलं. तारीख घातली, सही केली, पैसे घेतले नाहीत.

दाखला शर्टाच्या खिशात ठेवला. बाजारातून चालताना सारखा हात तिकडे जात होता. पाकीट मारणाऱ्याचा जात असेल तसा.

मंगळवार, २० मार्च

महिना झाला, दाखला खिशातच आहे. शर्ट बदलला की या खिशातून त्या खिशात. कृष्णकांत रोज विचारतो, "दिलास का?" मी सांगतो, उद्या. कागदात खोटं लिहिणाऱ्यांना मी सदतीस वर्षं पकडत आलो. तरी देवकीचा तो बाक डोळ्यांपुढून जात नाही. अंजनाबाईला तिथे बसलेली मी पाहू शकत नाही. खरं सांगायचं तर मी देणार आहे. फक्त कोणत्या दिवशी ते ठरत नाही.

शनिवार, १४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात जाऊन आलो. प्रेमिला, जावई, नातवंडं आली. कृष्णकांत आला नाही. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

दुपारी अंजनाबाईने धुवायला घेतलेल्या शर्टातून दाखला काढला. प्रेमिलाकडून वाचून घेतला. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"हे काय होय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. कागद अडले, नत्थूचं काय झालं, तुझ्यासाठीच करतो आहे, असंही म्हटलं.

ती म्हणाली, "बाबासाहेब गेले त्या दिवशी तुमी हिवतापानं पडले होते? मी सात महिन्याची पोरगी घेऊन एकटी राहिली ते तुमी खाटेवर होते म्हनून? लोकं विचारत, देवाजी कुठं हाये, तर मी छाती काढून सांगत होती, मुंबईले गेला. आता सरकारच्या कागदात लिहून ठेवता का तो घरीच पडून होता?"

"अगं, पोट..."

"पोटाचं पाहू. दहा वर्षं कापतील तं कापू द्या. तेवढंच जेवू."

प्रेमिला खाली मान घालून बसली होती. मला माझ्याच पोरीसमोर मान वर करता आली नाही. अंजनाबाईने दाखला फाडला नाही. घडी घालून माझ्या हाती दिला. म्हणाली, "तुमचं तुमी ठरवा."

सोमवार, १६ एप्रिल

खरा अर्ज लिहिला. मुंबईला कशासाठी गेलो, कधी गेलो, कधी आलो. रजेचा अर्ज श्री. कृ. सबनीस यांच्या हाती दिला होता, तो मिळत नाही, तरी खंड माफ व्हावा.

आधी कृष्णकांतला दाखवला. त्याने दोनदा वाचला. म्हणाला, "माझं नाव काढ."

"काहून? तूच तर साक्षी आहेस."

"मला विचारतील."

"विचारू दे ना. खरं ते सांगशील, त्यात काय?"

त्याच्या कपाळावर घाम होता. एप्रिल आहे आणि त्याच्या खोलीतला पंखा हळू चालतो. मी म्हटलं, नाव काढणार नाही, तुझ्याशिवाय मला आहे कोण? साहेबांकडे जाऊन अर्ज देऊन आलो. जरीपटक्याचा दाखला घरी येऊन चुलीत घातला.

गुरुवार, २६ एप्रिल

साहेबांनी आज बोलावलं. साहेब तरुण आहेत, बोलणं सरळ. म्हणाले, "रंगारी, तुमचा अर्ज मला पटतो. पण मी सबनिसांना विचारलं. ते म्हणाले, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं काही आठवत नाही."

मी म्हटलं, "त्यांनीच तर वहीचं पान दिलं होतं."

"ते म्हणतात, आठवत नाही."

बाहेर आलो आणि सरळ आस्थापना शाखेत गेलो. कृष्णकांत जागेवर नव्हता. पोट दुखतं म्हणून घरी गेला होता.

वय झालं की विसर पडतो. पण १९५१ साली मोतीबागेत कोणतं इंजिन रुळावरून घसरलं होतं हे तो आजही घड्याळाच्या वेळेसकट सांगतो.

रविवार, ६ मे

फाटकावर एकटाच. सलग चौथा रविवार. उन्हाने रूळ डोळ्यांना लागत होते. नंबर टिपले आणि परत आलो.

अंजनाबाईला म्हटलं, "घाबरला आहे तो. निवृत्तीला वर्षही राहिलं नाही त्याच्या, कशाला झेंगट असं वाटत असेल."

ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, "तुमी लय साधे हाये."

रविवार, २० मे

हे आजच लिहायला हवं. नाहीतर उद्या मी स्वतःच यात काही फिरवून ठेवीन.

भर दुपारी, बाहेर चिटपाखरू नसताना कृष्णकांत आला. सायकल नव्हती, चालत. चेहरा लाल झाला होता. हातात चित्रांची जुनी वही. बसला नाही. वही उघडून त्यातून एक पिवळा कागद काढला आणि माझ्यासमोर धरला.

माझा अर्ज. माझं तीस वर्षांच्या वयाचं अक्षर. खाली तारीख, ६-१२-५६.

मी म्हटलं, "सापडला! कुठे होता?"

खरंच असं म्हटलं मी. मला आनंद झाला होता.

तो म्हणाला, "हरवला नव्हता. माझ्याकडेच होता."

मला तरीही कळलं नाही. मग त्याने सांगितलं. सात डिसेंबरला सकाळी बडेबाबूंनी शाखेत उभं राहून विचारलं, रंगारी कुठे आहे, अर्ज आहे का कोणाकडे? अर्ज त्याच्या खिशात होता. तो म्हणाला, नाही.

"का?" मी विचारलं.

"जागा एकच होती. तुझं नाव वर होतं. बडेबाबू चिडलेले होते, 'हे सगळे न विचारता पळाले' म्हणत होते. मला वाटलं, एक शेरा बसेल, या खेपेला जागा मला मिळेल, पुढच्या खेपेला तुला. दुसऱ्या दिवशी देणार होतो. दिला नाही. मग देता येईना. सेवेत खंड लिहिलं असेल हे मला माहीत नव्हतं, देवाजी. जानेवारीत पुस्तक उघडलं तेव्हा दिसलं."

"आणि साहेबांना सांगितलंस, आठवत नाही."

"हो."

"जवळ का ठेवलास? फाडायचास."

"फाडवला नाही."

त्याच्या बायकोने, यमुताईंनी त्याला पाठवलं होतं. महिनाभर तो जेवत नव्हता, तेव्हा त्यांनी खोदून खोदून विचारलं. त्या म्हणाल्या, हे घेऊन गेल्याशिवाय घरात यायचं नाही.

"हा साहेबांसमोर ठेव," तो म्हणाला, "मी नाही म्हणणार नाही."

मी त्याला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. अंजनाबाईने माठातलं पाणी दिलं. दोन पेले प्याला आणि त्या उन्हात परत गेला. वही इथेच राहिली.

मंगळवार, २२ मे

पस्तीस वर्षांचे रविवार. त्यातले अठ्ठावीस वर्षांचे रविवार तो माझ्या शेजारी उभा होता आणि हे जाणून होता. प्रेमिलाच्या लग्नात पंगतीत वाढत होता, जाणून होता. मी पेढे वाटले तेव्हा त्यातला एक त्याने खाल्ला.

मी जातीला बोल लावला, बडेबाबूला लावला, राज्य पुनर्रचनेला लावला. त्याला सोडून सगळ्यांना लावला.

त्याची चित्रांची वही चुलीजवळ नेली होती. जाळली नाही. का ते विचारू नये.

रविवार, २७ मे

फाटकावर गेलो नाही.

अर्ज साहेबांसमोर ठेवला तर माझी दहा वर्षं परत येतात. त्याच्यावर चौकशी बसते, निवृत्तीला दहा महिने असताना. न ठेवला तर मी उदार ठरतो आणि सेवापुस्तकात ती लाल ओळ तशीच राहते. तीन दिवस उलटसुलट केलं. त्याला शिक्षा व्हावी असं वाटतं. मग तसं वाटल्याची लाज वाटते. मग राग येतो की लाज मलाच का वाटावी.

अंजनाबाईला विचारलं, "तुला कधी कळलं होतं?"

"बर्फी आनली तवाच."

"मग बोलली काहून नाही?"

"तुमचा एकच दोस्त होता."

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "भाऊजीचं वाईट करासाठी ठेवू नका. त्याचं भलं करासाठी लपवूही नका. तुमी मुंबईले चोरून नव्हते गेले. अर्ज देऊन गेले होते. तेवढं कागदावर येऊ द्या."

सोमवार, २८ मे

अर्ज साहेबांसमोर ठेवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला. "कुठे मिळाला?" मी म्हटलं, सबनिसांनी आणून दिला. पुढचं तेच सांगतील.

सोमवार, ४ जून

साहेबांनी दोघांना एकत्र बोलावलं. कृष्णकांत माझ्याकडे न पाहता उभा राहिला.

"सबनीस, हा अर्ज रंगारींनी तुम्हाला दिला होता?"

"होय."

"तुम्ही पुढे ठेवला नाही?"

"नाही."

"विसरलात?"

साहेबांनी दार उघडून दिलं होतं, आत शिरायचं फक्त. विसरलो म्हटलं असतं तर ताकीद देऊन सोडलं असतं. मला वाटलं, म्हण. पंधरा दिवस ज्याचं वाईट चिंतलं त्याच्यासाठी मी मनात म्हणत होतो, म्हण बाबा, विसरलो म्हण.

तो म्हणाला, "नाही साहेब. बढतीसाठी."

साहेबांनी लिहून घेतलं. बाहेर आल्यावर व्हरांड्यात आम्ही क्षणभर समोरासमोर होतो. तो डावीकडे गेला, मी उजवीकडे.

शनिवार, ३० जून

निरोप समारंभ झाला. हार, नारळ, शाल, भाषणं. वक्तशीर म्हणाले, प्रामाणिक म्हणाले, रेल्वेचा नाद आहे म्हणाले तेव्हा सगळे हसले. खंड माफीचा आदेश अजून आलेला नाही, कागद वर गेले आहेत. तोवर तात्पुरती पेन्शन मिळेल.

कृष्णकांत नव्हता. चौकशीपोटी त्याला अधीक्षकाच्या टेबलावरून काढलं, तेव्हापासून तो रजेवर आहे. चित्रांची वही मी शिपायाच्या हाती त्याच्या घरी पाठवली. सोबत चिठ्ठी द्यावी असं वाटलं. काय लिहायचं ते ठरलं नाही.

देवकी बाकावर नव्हती. आज शनिवार.

शुक्रवार, १० ऑगस्ट

आदेश आला. सेवेतील खंड क्षमापित. कारणाच्या जागी लिहिलं आहे, 'अर्ज विहित वेळेत सादर केलेला होता असे आढळून आले.' अंजनाबाईला तीनदा वाचून दाखवलं. तिने तो बुद्धाच्या तसबिरीखाली ठेवला आणि चहा टाकला.

दुपारी कार्यालयात जाऊन देवकीच्या कागदांबद्दल विचारून आलो. जन्मतारखेसाठी नत्थूच्या शाळेचा दाखला हवा. पुढच्या मंगळवारी तिला घेऊन रामटेकला जायचं आहे, शाळा तिथली.

मंगळवार, २८ ऑगस्ट

छिंदवाड्याला जाऊन आलो. फेरा नाही, फक्त छिंदवाडा. कृष्णकांतच्या जागी अंजनाबाईला नेलं.

रामाकोन्यापर्यंत ती खिडकीची दांडी धरून बसली होती. भिमालगोंदीच्या पुढे घाट लागला, इंजिन धापा टाकू लागलं, गाडी इतकी हळू झाली की पोरं उतरून रुळाच्या कडेने चालू लागली. सगळीकडे हिरवं. ती एकदम म्हणाली, "मी कधी अशी गाडीत बसलीच नाही वं माय. कोनाच्या मरनाले नाही, लग्नाले नाही, उगाच बसाले." आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. मलाही हसू आलं.

येताना मात्र वळणावर इंजिन पुरतं दिसलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "काढ लवकर." बाजूला कोणी चित्र काढणारं नव्हतं. अंजनाबाईने विचारलं, काय काढू? म्हटलं, डबा काढ, भूक लागली.

रविवार, २३ सप्टेंबर

धंतोलीला गेलो. ठरवून नाही. वर्तमानपत्र आणायला निघालो आणि बस धरली.

यमुताईंनी दार उघडलं. मला पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या "या" एवढंच म्हणाल्या. कृष्णकांत बाहेरच्या खोलीत बसला होता. फार वाळला आहे. चौकशीत एक वेतनवाढ कापली. मग त्याने मुदतीआधीच निवृत्ती मागितली, ती मंजूरही झाली.

आम्ही बसलो. यमुताई चहा ठेवून आत गेल्या. तो म्हणाला, "आदेश आल्याचं कळलं."

"हो."

"बरं झालं."

बाहेर कोणी भांड्यांना कल्हई करणारा ओरडत होता.

"कशाला आलास, देवाजी?"

"माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. जाताना मनात होतं ते सगळं बोलावं. पेढ्यांचं बोलावं, प्रेमिलाच्या लग्नाचं बोलावं. पण टेबलावर त्याच्या पेन्शनचे फॉर्म पडले होते, दोन महिन्यांपासून. चहा ठेवताना यमुताई म्हणाल्या होत्या, हे त्यांना हातही लावत नाहीत. आयुष्यभर शेकडो लोकांचे कागद याने तयार केले आणि स्वतःचे कोरे. वरच्या फॉर्मवर नाव लिहून सोडलं होतं. अक्षर ओळ सोडून खाली उतरलं होतं.

म्हटलं, "हे असं ठेवून चालणार नाही. सहा महिने अडेल. यमुताईंचा फोटो आहे का? जोडीचा लागतो."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "तू भरणार?"

"मग कोण भरेल? तुझं अक्षर पाहा."

दोन तास बसलो. मी विचारत गेलो, तो सांगत गेला. नोकरीची तारीख त्याच्याआधी मीच सांगितली. एका ठिकाणी तो थांबला, म्हणाला, "देवाजी, मी तुला..." मी म्हटलं, "वारसाचं पूर्ण नाव सांग." त्याने सांगितलं.

माफ केलं असं मी म्हटलेलं नाही. केलं आहे की नाही तेही ठाऊक नाही. परत येताना बसमध्ये एकदा असा राग आला की उतरून चालायला लागलो. घरी अंजनाबाईने विचारलं, "कुठं गेले होते एवढा वेळ?" सांगितलं. ती म्हणाली, "जेवले का तिथं?"

"नाही."

"पुढच्या खेपेले जेवून या. यमुताईले बरं वाटन."

फॉर्मच्या तीन प्रती लागतात. एकच झाली. उरलेल्या दोनसाठी बुधवारी जायचं आहे.